अळवावरचें पाणी आणि अतिसूक्ष्म कणांचीं खतें : थेंबाची मोजणी कशी करावी

पाण्यांत मिसळून पानांवर फवारावयाचीं खतें अलीकडे बाटलींतून मिळूं लागलीं आहेत. त्यांपैकीं कांहींच्या नांवामागें ‘नॅनो’ हा शब्द असतो. शब्द नवा असला तरी त्याच्या पाठोपाठ येणारा प्रश्न जुनाच आहे. बाटलींतील द्रव्य कितीहि बारीक असलें, तरी तें ज्या पाण्यांत मिसळलें तें पाणी पानावर बसतें कीं घरंगळून खाचरांत पडतें, हा तो प्रश्न होय. विक्रेत्याचें सारें बोलणें बारीकपणाविषयीं असतें. पिकाचें काम मात्र पान भिजण्यावर अवलंबून असतें. या दोन बाबी निराळ्या आहेत आणि निराळ्या मोजतां येतात, हें शेतकरी बंधूंच्या नजरेस आणावें, या हेतूनें हा लेख लिहीत आहों.

आमची हयात महसूल खात्यांत कारकुनी करण्यांत गेली. त्या नोकरींत शिकलेली एक गोष्ट येथें उपयोगी पडते. बांधावर उभें राहून नजरेनें ठरविलेलें क्षेत्र आणि साखळी टाकून निघालेलें क्षेत्र हीं क्वचितच जुळतात. आणि तंटा उभा राहिला म्हणजे नजरेचा अंदाज कामास येत नाहीं, मोजणीचा कागद येतो. फवारणींतहि पाणी पानावर ‘बसलें’ किंवा ‘बसलें नाहीं’ असें आपण नजरेनेंच ठरवितों. शास्त्रज्ञ थेंबाची मोजणी करतात. ती ते कशी करतात, कण मिसळलेल्या द्रवाच्या बाबतींत तींत कोणत्या अडचणी येतात, आणि तिचा साधा प्रकार आमच्या अलोरे गांवासारख्या ठिकाणीं घरच्या घरीं कसा करतां येईल, हें क्रमानें पाहूं.

थेंब गोल कां होतो

अळवाच्या पानावर पाणी टाकलें तर त्याचे मोत्यासारखे गोळे होतात आणि पान हलतांच ते घरंगळतात, हें घरोघरच्या परसांत दिसतें. क्षणभंगुर गोष्टीस ‘अळवावरचें पाणी’ म्हणण्याचा आपला प्रघात यावरूनच पडला. भाताचें पान याच जातीचें आहे. त्यावर साधें पाणी फवारलें तर पान कोरडें आणि खाचर ओलें अशी स्थिति होते.

यास दोन कारणें आहेत. एक पाण्यांत आहे व दुसरें पानांत आहे.

पाण्याच्या आंतील प्रत्येक रेणूस चहूंकडून शेजारच्या रेणूंची ओढ असते. पृष्ठभागावरील रेणूस वरच्या बाजूला असे शेजारी नसल्यामुळें त्यास आंतल्या बाजूची ओढ अधिक बसते. म्हणून पाण्याचा पृष्ठभाग ताणलेल्या रबरी पडद्याप्रमाणें आकसूं पाहतो. या ओढीस पृष्ठताण म्हणतात. शुद्ध पाण्याचा पृष्ठताण २५ अंश सेल्सिअस उष्णमानास सुमारें ७२ डाइन दर सेंटीमीटर असतो. आजच्या मापांत हाच आंकडा मिलिन्यूटन दर मीटर असा लिहितात. आंकडा बदलत नाहीं, मापाचें नांव तेवढें बदलतें. शुद्ध मद्यार्काचा पृष्ठताण सुमारें २२ आहे. साबणासारखे पदार्थ घातल्यास पाण्याचा आंकडा ३० च्या आसपास उतरतो. ज्या द्रवाचा ताण अधिक तो आकसून गोल होतो, ज्याचा कमी तो पसरतो.

आतां पानाकडे वळूं. प्रत्येक पानावर मेणाचा पातळ थर असतो. अळूं, कमळ व भात यांच्या पानांवर हा थर सपाट नसून बारीक उंचवटे व त्यांवर मेणाचीं अतिशय बारीक टोंकें असतात. थेंब या टोंकांवर टेकतो आणि त्याच्या खालीं हवा कोंडून राहते. खडबडीत पृष्ठभागावर हवेमुळें पाणी कसें अधर राहतें, याचा नियम केसी व बॅक्स्टर या दोघांनीं १९४४ सालीं मांडला. जर्मनींतील बॉन येथील बार्थलॉट व नाइनहुइस यांनीं १९९७ सालीं कमळाच्या पानाचा अभ्यास प्रसिद्ध करून, घरंगळणारें पाणी पानावरील धूळ आपल्याबरोबर कशी धुवून नेतें, हें दाखविलें. पानाच्या दृष्टीनें ही सोय उत्तम आहे. धूळ व बुरशीचे बीजकण यांपासून त्याचा बचाव होतो. फवारणी करणाराला मात्र हीच सोय आड येते.

थेंब किती भिजवितो हें एका कोनावरून सांगतां येतें. थेंब पानावर ठेवून बाजूनें पाहिला असतां त्याची कड पानाला जेथें टेकते, तेथें द्रवाच्या आंतून मोजलेल्या कोनास स्पर्शकोन म्हणतात. थेंब पार पसरून गेला तर हा कोन शून्याजवळ असतो. थेंब अर्ध्या चेंडूसारखा बसला तर ९० अंश, आणि गोळीसारखा उभा राहिला तर १५० अंश किंवा त्याहून अधिक. स्वच्छ कांचेवर पाण्याचा कोन शून्याच्या जवळपास असतो. मेणबत्तीच्या मेणावर तो १०५ ते ११० अंश भरतो. कमळाच्या पानावर सुमारें १६० अंश. भाताचें पानहि या मेणाहून पुष्कळ वरच्या पायरीवर बसतें. हा कोन कशावर अवलंबून असतो याचें विवेचन इंग्रज शास्त्रज्ञ टॉमस यंग यांनीं १८०५ सालीं केलें. द्रवाचा स्वतःचा ताण, पृष्ठभागाची ओढ आणि त्या दोहोंच्या सांध्यावरील ओढ, अशा तीन ओढींचा तोल जेथें साधतो तो हा कोन होय.

अतिसूक्ष्म कण म्हणजे काय

एका मिलीमीटरचे दहा लक्ष भाग केले तर त्यांतील एक भाग म्हणजे एक नॅनोमीटर. १ ते १०० नॅनोमीटर व्यासाच्या कणांस सामान्यतः अतिसूक्ष्म किंवा नॅनो कण म्हणतात. ३० नॅनोमीटरचे कण एका ओळींत मांडले तर एका मिलीमीटरांत सुमारें ३३,००० मावतील. पदार्थ जितका बारीक करावा तितका त्याचा उघडा पृष्ठभाग वाढतो, आणि म्हणून तो अधिक वेगानें कार्य करील, अशी या खतांमागील कल्पना आहे.

कणमिश्रित द्रव पिकावर फवारणें हें आपल्याकडे नवें नव्हे. मोरचूद व चुना यांचें बोर्डो मिश्रण फ्रान्समध्यें मिलार्दे यांनीं १८८५ सालीं प्रसिद्ध केलें, व कोंकणांतील सुपारीच्या बागाइतदारांस तें चांगलें परिचयाचें आहे. त्यांतील कण मोठे असतात; मिश्रण ठेवलें कीं तळाशीं बसतें; आणि पावसांत तें टिकावें म्हणून त्यांत राळ व धुण्याचा सोडा यांचें चिकटण घालण्याची चाल आहे. द्रव्य आणि चिकटण या दोन निराळ्या वस्तु आहेत, हें सुपारीवाल्यास कोणी शिकवावयास नको.

नव्या खतांपैकीं सर्वांत प्रसिद्ध म्हणजे इफ्को या सहकारी संस्थेचा द्रवरूप नॅनो यूरिया. गुजरातेंतील कलोल येथील आपल्या संशोधन केंद्रांत तो तयार केल्याचें संस्थेनें जाहीर केलें, व २०२१ सालीं तो बाजारांत आला. कण २० ते ५० नॅनोमीटरचे असल्याचें संस्था सांगते. बाटली ५०० मिलीलिटरची असून एक लिटर पाण्यास २ ते ४ मिलीलिटर या प्रमाणांत फवारावी, अशी सूचना देण्यांत आली. २०२३ सालीं त्याच संस्थेचें नॅनो डी. ए. पी. आलें. हीं दोन्ही पानांवर फवारण्याचीं असल्यामुळें पान भिजलें नाहीं तर त्यांचा सारा खर्च पाण्यांत जातो. म्हणूनच थेंबाची मोजणी हा येथें केवळ पुस्तकी विषय राहत नाहीं.

प्रयोगशाळेंत मोजणी कशी करतात

पृष्ठताण मोजण्याच्या तीन रीती विशेष रूढ आहेत. पहिली रीत पत्र्याची. प्लॅटिनमचा पातळ पत्रा द्रवास टेकवून द्रव त्यास किती जोरानें खालीं ओढतो, हें नाजूक तराजूवर पाहतात. विल्हेल्मी यांनीं १८६३ सालीं ही रीत सांगितली. दुसरी रीत लोंबत्या थेंबाची. सुईच्या टोंकाशीं थेंब लोंबत ठेवून त्याचें छायाचित्र घेतात व त्याच्या आकारावरून गणितानें ताण काढतात. तिसरी रीत थेंब मोजण्याची किंवा तोलण्याची. ज्या द्रवाचा ताण अधिक त्याचा नळींतून पडणारा थेंब मोठा, हा नियम टेट यांनीं १८६४ सालीं मांडला. ही रीत आपल्या उपयोगाची आहे.

स्पर्शकोनासाठीं दोन ते पांच मायक्रोलिटरचा, म्हणजे मोहरीच्या दाण्याएवढा, थेंब पृष्ठभागावर ठेवून बाजूनें छायाचित्र घेतात. एवढ्यावर काम संपत नाहीं. थेंबांत आणखी द्रव घालून त्याची कड पुढें सरकतांना एक कोन मोजतात, आणि द्रव काढून घेऊन कड मागें सरकतांना दुसरा. पहिला नेहमीं मोठा असतो. दोहोंतील अंतर थोडें असेल तर थेंब सहज घरंगळतो. अंतर मोठें असेल तर थेंब कोन मोठा असूनहि जागचा हलत नाहीं. शेतकऱ्याच्या दृष्टीनें हें दुसरें ज्ञान अधिक मोलाचें आहे, कारण शेतांतील पान सपाट मेजावर ठेवलेलें नसतें, तें तिरपें असतें व वाऱ्यानें हलतें.

या कामास मोठी प्रयोगशाळाच लागते असें मात्र नाहीं. जर्मनींतील ब्रुन्सविक येथील आग्नेस पोकेल्स या बाईंस विद्यापीठाचें शिक्षण मिळालें नव्हतें. घरचीं भांडीं घासतांना तेलकट पाण्याच्या पृष्ठभागाकडे त्यांचें लक्ष गेलें; त्यांनीं स्वयंपाकघरांतच एक साधें उपकरण तयार करून वर्षानुवर्षें मोजमापें घेतलीं. १८९१ सालीं त्यांचें पत्र लॉर्ड रॅले यांनीं ‘नेचर’ या नियतकालिकांत छापविलें, आणि पुढील संशोधनास तें आधारभूत झालें. हातीं साधन थोडें असलें तरी नोंद चोख असली म्हणजे काम होतें, याचा हा चांगला दाखला आहे.

कण मिसळलेला द्रव मोजण्यांतील अडचणी

साध्या पाण्याची मोजणी सोपी. कण मिसळले कीं चार ठिकाणीं फसगत होण्याचा संभव असतो.

पहिली फसगत श्रेयाची. सुटे कण पाण्यांत एकमेकांस चिकटून गठ्ठे होतात व खालीं बसतात. तसें होऊं नये म्हणून उत्पादक त्यांत कण सुटे ठेवणारे पदार्थ घालतात, आणि यांतील पुष्कळसे पदार्थ साबणाप्रमाणें पृष्ठताण उतरविणारे असतात. मग ताण उतरला तो कणांमुळें कीं त्या पदार्थामुळें? याचें उत्तर मिळविण्यास तेंच पाणी आणि तोच पदार्थ, परंतु कणांवांचून, असा कोरा नमुना शेजारीं ठेवून मोजावा लागतो. कोरा नमुना न घेतां केलेली मोजणी म्हणजे शेजारच्या गटाची हद्द न पाहतां काढलेला नकाशा होय.

दुसरी फसगत वेळेची. कण आणि साबणी पदार्थ पृष्ठभागाशीं एकदम जमत नाहींत, हळूंहळूं जमतात. म्हणून थेंब तयार होतांच घेतलेला आंकडा व पांच मिनिटांनीं घेतलेला आंकडा निराळे येतात. इकडे थेंब वाळतहि असतो, त्यामुळें कोन आपोआप उतरत जातो. ‘किती वेळानें मोजलें’ हें लिहिलेलें नसेल तर तो आंकडा निरुपयोगी समजावा. पंपांतून निघालेला तुषार तर क्षणार्धांत पानावर आदळतो. साबणी पदार्थास पृष्ठभागाशीं पोंचण्यास तेवढा अवकाश मिळाला नाहीं तर मेजावर नीट बसणारा थेंब शेतांत चेंडूसारखा उडून जातो.

तिसरी फसगत पृष्ठभागाची. मोजणीच्या पत्र्यास किंवा कांचेस मागील नमुन्याचे कण चिकटून राहिले तर पुढचा आंकडा बिघडतो. प्रत्येक मोजणीपूर्वीं साधन धुवून, साध्या पाण्याचा ७२ हा आंकडा पुन्हां येतो कीं नाहीं, हें पाहणें अवश्य आहे.

चौथी फसगत वाळण्याची. सांडलेल्या चहा-कॉफीचा डाग कडेला गडद व मध्यें फिकट असतो. थेंबाची कड आधीं वाळते, ती भरून काढण्यास मधला द्रव कडेकडे वाहतो आणि कण तेथें नेऊन ठेवतो, असा याचा उलगडा शिकागो येथील डीगन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९९७ सालीं केला. पानावरहि असेंच घडतें. थेंब मोठा आणि पसरट नसला तर खत पानभर न पसरतां एका कड्यांत सांठतें व तेथें पान करपण्याचा संभव असतो.

कण स्वतः थेंब पसरविण्यास मुळींच मदत करीत नाहींत असेंहि म्हणतां येत नाहीं. शिकागो येथीलच वासन व निकोलोव या शास्त्रज्ञांनीं २००३ सालीं दाखविलें कीं, थेंबाच्या कडेच्या अरुंद पाचरींत कण थराथरानें रचले जातात, त्यांच्या दाबानें कड पुढें ढकलली जाते, व द्रव अधिक पसरतो. हा शोध महत्त्वाचा आहे. परंतु तो कांचेसारख्या गुळगुळीत पृष्ठभागावर पाहिलेला आहे. हवेचे कप्पे असलेल्या खडबडीत, मेणचट भातपानावर एक लिटर पाण्यांत दोन-चार मिलीलिटर खत मिसळून तसेंच घडेल, असें त्यावरून अनुमान काढणें धाडसाचें होईल.

घरच्या घरीं मोजणी

चार स्वच्छ कांचेच्या बाटल्या घ्याव्या व त्यांवर चिठ्ठ्या लावाव्या. पहिलींत फवारणीस वापरतों तें साधें पाणी. दुसरींत त्याच पाण्यांत ठरल्या प्रमाणाचें खत. तिसरींत पाणी, खत व दुकानांत मिळणारा चिकटा. चौथींत पाणी व चिकटा, खत नाहीं. ही चौथी बाटली अनेकांस अनावश्यक वाटते, पण खरा निवाडा तीच करते. मोजण्यापूर्वीं प्रत्येक बाटली चांगली हलवावी. हातांत रबरी मोजे असावे.

थेंबांची गणती : औषधाचा एकच ड्रॉपर चारही बाटल्यांस वापरावा, प्रत्येक वेळीं तो साध्या पाण्यानें चार-पांच वेळां धुवावा. ड्रॉपर उभा धरून दोन-तीन सेकंदांस एक थेंब अशा संथ गतीनें पांच मिलीलिटरच्या खुणेपर्यंत मापांत सोडावा व थेंब मोजावे. समजा, साध्या पाण्याचे १०० थेंब भरले आणि दुसऱ्या बाटलीचे १०५. तर दुसरीचा ताण ७२ गुणिले १०० भागिले १०५, म्हणजे सुमारें ६९. तिसरीचे १८० भरले तर ताण सुमारें ४०. आतां चौथी पाहावी. तिचेहि १८० च्या आसपास भरले, तर ताण उतरविण्याचें सारें काम चिकट्याचें, खताचें कांहीं नव्हे, असें ठरतें. ही रीत अगदीं काटेकोर नाहीं, पण तुलनेस पुरेशी आहे. प्रत्येक गणती तीनदां करून सरासरी घ्यावी.

स्पर्शकोन : शेतांतून ताजें, न चोळलेलें पान आणावें. बोटानें पुसलेल्या पानावरील मेण निघतें व मोजणी खोटी ठरते, म्हणून पान कडेनें धरावें. पट्टीवर तें सपाट चिकटवून, बारीक सुईच्या पिचकारीनें मोहरीएवढा थेंब हलकेच टेकवावा. भ्रमणध्वनीचा कॅमेरा पानाच्या पातळींत आणून थेंब बसल्यापासून दहा सेकंदांनीं बाजूनें छायाचित्र घ्यावें. तें मोठें करून थेंबाची उंची आणि पानाला टेकलेल्या तळाची रुंदी पट्टीनें मोजावी. उंचीला रुंदीनें भागावें. भागाकार ०·१३ आला तर कोन ३० अंश. ०·२९ ला ६० अंश. ०·५० ला ९० अंश. ०·८७ ला १२० अंश. आणि १·८७ ला १५० अंश. थेंब लहान असेल तरच हा हिशेब जुळतो. मोठा थेंब स्वतःच्या भारानें चपटा होतो. साध्या पाण्याचा थेंब भातपानावर सुई सोडण्यासच तयार होत नाहीं, असें पुष्कळदां दिसेल. तेंहि उत्तरच आहे. तसें वहींत लिहून ठेवावें. भातपानावर लांबीच्या दिशेनें बारीक रेषा असतात व थेंब त्या दिशेनें अधिक सहज धांवतो, म्हणून छायाचित्र लांबीच्या व रुंदीच्या अशा दोन्ही बाजूंनीं घ्यावें. यानंतर पट्टी हळूंहळूं तिरपी करून थेंब कितव्या अंशास घरंगळतो तेंहि टिपावें.

शेतांतील पडताळा : वरच्या दोन्ही मोजण्या झाल्यावर पाठीवरच्या पंपानें, नेहमींच्याच नोझलनें, चारही द्रव खाचराच्या चार कोपऱ्यांत थोडे थोडे फवारावे. प्रत्येक कोपऱ्यांतील वीस पानें पाहून, किती पानें अर्ध्याहून अधिक भिजलीं हें मोजावें. उडून जाणाऱ्या तुषारांचा दोष मेजावर दिसत नाहीं, तो येथें उघडा पडतो.

चिकटा जितका अधिक तितका चांगला, अशी समजूत करून घेऊं नये. ताण फार उतरला व पाणीहि भरपूर मारलें तर द्रवाचा पातळ पापुद्रा होऊन तो पानाच्या टोंकावरून ओघळून जातो. चिकट्याचा अतिरेक पानास जाळतो. शिवाय द्रव पसरविणारा पदार्थ आणि तो पावसांत टिकविणारा पदार्थ एकच असतो असें नाहीं. डब्यावरील मजकूर वाचून खात्री करावी. आंब्याच्या जून पानावर थेंब भाताहून पुष्कळ अधिक पसरतो, म्हणून भातासाठीं ठरविलेलें चिकट्याचें प्रमाण कलमांस जसेंच्या तसें लावूं नये.

भिजणें म्हणजे पोसणें नव्हे

येथपर्यंत पान भिजविण्याचा हिशेब झाला. आतां भिजलेल्या पानास मिळालें किती, हा दुसरा हिशेब मांडला पाहिजे.

यूरियाची ४५ किलोची गोणी घेतली तर तींत ४६ टक्के, म्हणजे २०·७ किलो नत्र असतें. २०२१ सालच्या नॅनो यूरियाच्या बाटलींत ४ टक्के नत्र होतें. ५०० मिलीलिटरांत तें २० ग्रॅम भरतें. पुढें आलेल्या अधिक तीव्र प्रकारांत तें २० टक्के करण्यांत आलें. तेव्हां बाटलीचें नत्र १०० ग्रॅम झालें. भातास हेक्टरी १०० किलो नत्र धरलें तर गुंठ्यास एक किलो, एकरास सुमारें ४० किलो पडतें. तीव्र प्रकाराच्या दोन बाटल्या एका एकरांत फवारल्या, त्यांतील थेंब न् थेंब पानावर बसला आणि सारें नत्र पानांत शिरलें असें मानलें, तरी तें २०० ग्रॅम होतें. म्हणजे गरजेच्या अर्धा टक्का. जमिनींत टाकलेल्या यूरियाचा मोठा भाग वाहून व उडून जातो हें खरें आहे. गोणीतील एक तृतीयांशच नत्र पिकास लागलें असें धरलें, तरी तें सुमारें सात किलो भरतें.

या खतासंबंधीं मतें दोन प्रकारचीं आहेत, आणि दोन्ही वाचकांपुढें ठेवणें आम्हांस उचित वाटतें. इफ्कोनें देशभर घेतलेल्या चांचण्यांत सरासरी आठ टक्के उत्पन्न वाढल्याचें सांगितलें आहे. उलटपक्षीं, लुधियाना येथील पंजाब कृषि विद्यापीठाच्या दोन वर्षांच्या प्रयोगांत, जमिनींतील नत्र कमी करून त्याऐवजीं नॅनो यूरिया फवारला असतां, शिफारशीप्रमाणें नत्र दिलेल्या पिकाच्या मानानें भाताचें उत्पन्न सुमारें १३ टक्के व गव्हाचें सुमारें २१·६ टक्के कमी आलें. डेन्मार्कमधील कोपनहेगन विद्यापीठाच्या फ्रँक व हुस्टेड यांनीं २०२३ सालीं ‘प्लँट अँड सॉइल’ या नियतकालिकांत या खताविषयींचे दावे शास्त्राच्या कसोटीस उतरत नाहींत असें मत मांडलें. गोणी अजिबात बंद करून बाटलीवर पीक सोंपविणें हा मोठा धोका आहे, एवढें वरच्या साध्या गुणाकारावरूनहि दिसतें. बाटली वापरावयाची तर ती गोणीला जोड म्हणून, आणि प्रथम थोड्या गुंठ्यांत, शेजारीं कोरा वाफा ठेवून वापरावी.

अलोऱ्याचा पाऊस

आमचें गांव चिपळूण तालुक्यांत, सह्याद्रीच्या पायथ्याशीं, कोयना प्रकल्पाच्या वसाहतीमुळें ठाऊक असलेलें. येथें भाताची लावणी झाली कीं नत्राचा दुसरा हप्ता देण्याची वेळ ऐन झडींत येते. नॅनो यूरिया फवारल्यावर बारा तासांच्या आंत पाऊस आला तर फवारणी पुन्हां करावी, अशी उत्पादकांचीच सूचना आहे. आषाढ-श्रावणांत घाटाखालीं बारा तासांची उघडीप किती वेळां मिळते, हें येथील शेतकऱ्यास आम्हीं सांगावयास नको. सपाट देशावरील कोरड्या हवेंत घेतलेल्या चांचणीचा आंकडा आपल्या खाचरास लावण्यापूर्वीं हा विचार करणें प्राप्त आहे. थेंब पानावर किती पसरला याबरोबर तो किती वेळ तेथें राहूं शकेल, हेंहि मोजणींत आलें पाहिजे. फवारलेल्या पानांवर तासाभरानें झारीनें पाणी सोडून, पुन्हां थेंब टाकून कोन मोजला, तर चिकटा पावसांत टिकतो कीं धुवून जातो याचा अदमास मिळतो. कोन पुन्हां पूर्वींइतका वर गेला, तर चिकटा धुवून गेला असें समजावें.

विक्रेत्यास विचारण्याचे प्रश्न यावरून सहज सुचतात. मोजणी कोणत्या पानावर केली? कोरा नमुना होता काय? थेंब टाकल्यापासून किती वेळानें मोजला? तुषार उडवून पाहिला काय? पावसानंतर काय राहिलें? उत्तर कागदावर मिळालें तर उत्तम. न मिळालें तर चार बाटल्या, एक ड्रॉपर आणि एक वही एवढ्या साधनांवर शेतकऱ्यास स्वतः निकाल करतां येतो. गांवांतील दोन-चार खातेदारांनीं मिळून एकाच हंगामांत ही मोजणी करावी, तारीख, पाऊस, पाण्याचें ठिकाण व खताचें प्रमाण यांसह आंकडे लिहावे, आणि सुगीच्या वेळीं त्याच वाफ्यांतील भात तोलून ते शेजारीं मांडावे. असे आंकडे या मासिकाकडे आल्यास इतर गांवच्या बंधूंसहि त्यांचा उपयोग होईल. एवढी विनंति करून हा लेख पुरा करतों.